बायपोलरसाठी लिथियमची गोळी चालू आहे, कळसूबाई चढायची आहे, जमेल का?

जमेल ना भाऊ, काहून नाही जमणार, १६४६ मीटर म्हणजे काही हिमालय नाही अन् अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पण लिथियमवाल्याचा खरा दुश्मन चढ नाही, घाम आहे. पाणी-मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं, मग हात जास्त थरथरतात, उलटी-संडास, चालताना तोल जातो, असं दिसलं की शिखर गेलं खड्ड्यात, खाली उतरा अन् सरळ दवाखाना. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन तर मनानं घेऊच नका, तिनंही लिथियम वाढतं. प्रॅक्टिस आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात नाही करायची बाप्पा, थंडीत चिखलदऱ्याला जा, वैराटकडं चढउतार करा.

नाइट ट्रेक टाळा. सूर्योदयाचे फोटो भारी येतात, मान्य, पण झोप मोडली की मॅनिया, म्हणजे बायपोलरमधला अतिउत्साहाचा झटका, उचल खाऊ शकतो. ट्रेकपुरती गोळी बंद करायची नाही, अन् सोबतच्या एकाला तरी आजाराचं सांगून ठेवा, गावात लोक काय म्हणतील ते सोडा. निघायच्या आधी डॉक्टरला विचारून लिथियम लेव्हल तपासून घ्या, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.