पाळीव सोबती : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन जातीची सरड्याची मादी आहे, नाव ठमी, वय दीड वर्ष. चार दिवसांपासून तिचं खाणं जवळपास बंद आहे. दिवसभर काचेवर पंजे मारते, पेटीचा कोपरा उकरते. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय आणि हाताला आत गोल गोल काहीतरी लागतं. गाठी असतील का? घरात नर नाही, कधी नव्हताही.
– एक काळजीत पडलेली वाचक

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी ठमी अंड्यावर आलेली दिसते. नर नाही म्हणून बुचकळ्यात पडू नका. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशी हीसुद्धा घालते. वयात आलेल्या मादीला त्यासाठी नर लागत नाही. त्या अंड्यांतून पिल्लं मात्र निघणार नाहीत.

ती काच का ओरबाडते आहे? तिला खणायला माती हवी आहे आणि तुमच्या पेटीत ती नसावी. बहुतेक पेट्यांत खाली टाइल नाहीतर कागद असतो. साफसफाईला तो बरा, पण अंडी घालायला निरुपयोगी. मनासारखी जागा मिळाली नाही की मादी अंडी पोटात धरून ठेवते, आणि त्यातूनच ती अडकतात. म्हणून औषध, टॉनिक वगैरे नंतर बघू, आज आधी मातीचा डबा करा.

डबा असा हवा की ठमीला आत सहज वळता आलं पाहिजे. त्यात खत किंवा कीटकनाशक न घातलेली माती आणि धुतलेली बारीक वाळू निम्मी निम्मी मिसळून किमान वीस-पंचवीस सेंटीमीटर भरा. चार बोटं माती पसरून भागत नाही, तिला बोगदा खणायचा असतो. ओलावा किती? मूठ आवळल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये. कोरडी वाळू खणली की ढासळते, मग ती कंटाळून सोडून देते. एका कोपऱ्यात हातानेच तिरकं भोक पाडून द्या, पुष्कळ माद्या तिथूनच सुरुवात करतात. माती कोमट असावी, साधारण २७-२८ अंश.

डबा ठेवलात की तिला एकटं सोडा. हे लोकांना जमत नाही! दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावतं, मोबाइल काढतं, आणि ती काम सोडून बाहेर येते. काचेवर बाहेरून कापड टाका. आधी ती डोकं आत घालून खणेल, मग वळून तोंड बाहेरच्या बाजूला करून अंडी घालेल. पंधरा-वीस अंडी निघाली तर घाबरू नका. शेवटी माती परत लोटून नाकाने ठोकून ठोकून बसवेल. खणणं-बुजवणं एक-दोन दिवस चालू शकतं. मातीने माखलेलं नाक, खपाटीला गेलेलं पोट, सैल लोंबणारी कातडी आणि वर आलेली कमरेची हाडं दिसली की समजा, मोकळी झाली.

अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. ते कमी पडलं तर अंडी बाहेर ढकलायला स्नायूंत जोरही राहत नाही. त्यामुळे खाईल त्या किड्यांवर कॅल्शियमची पूड रोज भुरभुरा. पालक देत असाल तर तूर्त थांबवा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. कॅल्शियम अंगी लागायला अतिनील किरणं लागतात, म्हणून ती देणारी यूव्हीबी ट्यूब किती जुनी आहे, तेही तपासा. ट्यूब उजेड देत असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्यातली अतिनील किरणं वर्षभरात बरीच मंदावलेली असतात. ऊन शेकायची जागा ४० अंशांच्या आसपास हवी.

आणि पोट दाबून अंडी काढायचा प्रयत्न चुकूनही करू नका. आत अंडं फुटलं तर जिवावर बेततं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? खणून खणून दमली, मग मलूल होऊन पडून राहिली, डोळे खोल गेले, पाय थरथरायला लागले, मागचे पाय ओढत चालली, नुसतीच कळा देते आहे पण अंडं येत नाही, किंवा थोडी घालून बाकीची पोटातच राहिली, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. सरपटणारे प्राणी तपासणारेच डॉक्टर गाठा. ते एक्स-रे काढून आत किती अंडी आहेत ते बघतील, कॅल्शियम आणि सलाइन देतील. नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया.

मोकळी झाल्यावर तिला आधी पाणी पाजा. कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा, पाणी खांद्याच्या वर नको. मग भरपूर खाऊ घाला. अंडी काढून टाका, त्यांचं काही होणार नाही. माती मात्र फेकू नका. तीन ते पाच आठवड्यांत दुसरी खेप यायची शक्यता असते.

प्रश्न : आमची मादी आणली तेव्हा दुकानात नराबरोबर होती. त्याला तीन महिने झाले. आता अंडी घातली आहेत. पिल्लं होतील का?

उत्तर : होऊ शकतात. मादी नराचं बीज बराच काळ साठवून ठेवते, एका समागमावर दोन-तीन खेपाही फलित निघतात. पिल्लं हवी असतील तर अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू वर ठेवा, उलटी केली तर आतला जीव मरतो. पंधरा-वीस पिल्लं सांभाळायची तयारी नसेल, तर अंडी घातल्याच्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका. उशीर करू नका.