आधी बिजागरी बघ, मग ग्राफिक्स

कामासाठी लॅपटॉप घेताना प्रोसेसरचा आकडा नंतर बघू. आधी लॅपटॉप हातात घे. झाकण एका कोपऱ्याला धरून उघड. स्क्रीन पिळली जात असेल किंवा बिजागरीतून करकर ऐकू येत असेल, तर तो तिथेच ठेव. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाब, पत्रा खाली दबता कामा नये. माझ्या एका जुन्या लॅपटॉपची बिजागरी प्लॅस्टिकमध्ये बसवलेली होती. दोन वर्षांत स्क्रू प्लॅस्टिकसकट उखडून आला. आतलं सगळं मात्र ठणठणीत होतं. फार जीव तुटला. तेव्हापासून मी लेनोवोची थिंकपॅड टी, डेलची लॅटिट्यूड (२०२५पासून नवं नाव 'डेल प्रो'), एचपीची एलिटबुक असल्या ऑफिसकामाच्या मालिकांच्याच बाजूने आहे. त्यांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर मिळते, बॅटरी आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग) बदलता येतात. रॅम मात्र काही मॉडेलांत बोर्डालाच जोडलेली असते, ते आधी विचार.

'मिल-एसटीडी-८१०' (अमेरिकी लष्कराचं टिकाऊपणाच्या चाचण्यांचं मानक) या शिक्क्यावर भाळू नकोस. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते बहुतेक वेळा कंपनीच ठरवते.

आता ग्राफिक्स. एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, अगदी दोन बाहेरचे मॉनिटर जोडले तरी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंस की वजन, उष्णता, पंख्याचा आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते. थ्रीडी कॅड (संगणकावर यंत्रांचे, इमारतींचे आराखडे काढणं) किंवा जड व्हिडिओ एडिटिंग रोजचं असेल तरच ते घे, आणि मग डेलचं प्रिसिजन (आता नाव 'डेल प्रो मॅक्स') किंवा एचपीच्या झेडबुकसारखं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा लॅपटॉप, बघ. तुझं रोजचं सॉफ्टवेअर कोणतं, ते सांग.