वाचकांचे प्रश्न: पोरीले एकच कागद काहून देल्ला?

प्रश्न: भाऊ, रामराम. माही पोरगी आयर्लंडात गॉलवेले नर्स आहे. २०२४ मधे आपला लोकसभेचा निकाल लागला ४ जूनले, अन् ७ जूनले तिचा फोन आला का बाबा, मी इथं वोटिंग केलं. मले तं लय आनंद झाला. पन म्हने का तिच्या रूमवरची पोलंडची पोरगी सोबत होती, तिले दोन कागद भेटले अन् हिले एकच. दुसरा कागद युरोपच्या पार्लमेंटचा होता म्हने. टॅक्स तं दोघींचाही कटते, मंग हे असं काहून? अन् हे युरोपचं पार्लमेंट करते तरी काय?
– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड

उत्तर: रामराम काका. पहिले तर पोरीचं अभिनंदन, कारण तिला जो एक कागद मिळाला तोही सगळ्या देशांत मिळत नाही. त्या दिवशी आयर्लंडात दोन इलेक्शन एकाच वेळी होते. एक तिथल्या कौन्सिलचं, म्हणजे समजा आपली जिल्हा परिषद नाहीतर नगरपरिषद. त्यात जो तिथं राहतो तो वोट टाकतो, पासपोर्ट कुठलाही असो, कारण रस्ता, लायब्ररी, घरकुल हे राहणाऱ्याचेच प्रश्न. आणि दुसरं युरोपियन पार्लमेंटचं, त्यासाठी युरोपियन युनियनच्या २७ देशांपैकी कोणत्यातरी एकाचं नागरिक असावं लागतं. पोलंड त्यात आहे, म्हणून ती पोरगी आयर्लंडात राहून युरोपियन पार्लमेंटमधले आयर्लंडचे खासदार निवडू शकते. आणि गंमत पहा, इंग्लंडचा माणूस तिथं आयर्लंडच्या लोकसभेला वोट टाकू शकतो पण युरोपच्या कागदाला आता तोही मुकला, त्यांनी २०२० मधे युनियन सोडली ना. म्हणजे टॅक्सचा इथं काही संबंधच नाही.

आता हे पार्लमेंट. २०२४ ला ६ ते ९ जूनच्या दरम्यान सगळ्या देशांत आपापल्या पद्धतीनं वोटिंग झालं, एकूण सीट ७२०. जर्मनीला ९६, आयर्लंडला १४, माल्टासारख्या चिमुकल्या देशाला ६. हिशोब करून पहा, जर्मनीत साधारण पावणेनऊ लाख लोकांमागे एक खासदार आणि माल्टात लाखाच्या आतच. मोठ्यानं थोडं कमी घ्यायचं म्हणजे लहान्याचा आवाज दबत नाही, असा त्यांचा करार आहे. आपल्या विदर्भाच्या वाट्याला लोकसभेच्या १० सीट, तिथं असं कोणी म्हणून पाहिलं तर काय गोंधळ होईल बाप्पा.

तुमच्या पोरीचं गॉलवे ज्या मतदारसंघात येतं तो डोनेगलपासून किल्डेअरपर्यंत पसरलेला आहे, ५ सीट आणि उमेदवार २७. (वरुड अमरावती जिल्ह्यात आणि लोकसभेला मात्र वर्ध्यात, तेव्हा असलं जोडकाम तुम्हाला नवं नाही.) मशीन नाही, कागद आणि पेन्सिल. नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात जांभळ्या स्केचपेननं जे करतात तेच, अमरावतीचे मास्तर लोक तुम्हाला डोळे झाकून सांगतील. ५ सीट असल्या की एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा अधिक एक मत हा कोटा, तो ज्यानं गाठला तो निवडून आला, त्याचे जास्तीचे मतं पुढच्या पसंतीला जातात, आणि जो तळाला आहे त्याला काढून त्याचे कागद परत वाटतात, आणि हे असं एकेक करत चालूच राहतं. म्हणून मोजणी ९ तारखेला सुरू झाली ती दिवसांमागून दिवस चालली. इकडे आपण दुपारपर्यंत गुलाल उधळून मोकळे होतो.

करतं काय म्हणाल तर कायदे पास करतं, पण कायद्याचा मसुदा खासदार स्वतः आणू शकत नाहीत, तो युरोपियन कमिशन, म्हणजे समजा युनियनचं सरकार, आणतं, मग पार्लमेंट आणि सगळ्या देशांचे मंत्री मिळून ठरवतात. मला हे जरा अर्धवट लोकशाहीसारखंच वाटतं. तरी त्यांना हलकं समजू नका, २०२३ मधे त्यांनी जो जंगलतोडीचा कायदा केला त्यात सोयाबीन आहे, जंगल तोडून घेतलेल्या जमिनीवरचं सोयाबीन युरोपात विकता येणार नाही असा. अंमलबजावणी पुढे ढकलत आहेत तो भाग वेगळा. तुमच्या संत्र्याचं नाव त्यात नाही.

पोरीला तो दुसरा कागद पाहिजेच असेल तर साधारण ५ वर्षं राहिल्यावर आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पुढचं इलेक्शन २०२९ ला आहे. पण तिला घाई करू देऊ नका. तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते, मिळतं, त्यावर इकडे वोट नाही आणि शेतजमीन विकतही घेता येत नाही, वारसानं आली तर चालते. आत्ता ती भारताची नागरिक आहे तोवर फॉर्म ६ए भरून वरुडच्या यादीत नाव ठेवू शकते, फक्त वोट टाकायला स्वतः यावं लागेल. तुमची बाग तिच्या नावे करायचं मनात असेल तर आधी वकिलाला सातबारा दाखवून विचारा, मग तिला अर्ज करू द्या.