तिला आधी विचारा, ‘मोठं’ म्हणजे काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक साडेचार वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, छोट्या शिशूत. टॅबवर ‘मोठी संख्या कोणती’ हा खेळ रोज वीस मिनिटं खेळते, दहात सहा-सात बरोबर येतात, चांदण्याही मिळतात. शाळेच्या वर्कशीटवर मात्र सगळं उलटंसुलटं. आणि परवा तुमच्या ताटात चार पुऱ्या, तिच्या ताटात तीन, तरी ‘माझ्याकडे जास्त’ म्हणाली. खेळाचा वेळ वाढवू की अबॅकसच्या क्लासला घालू, असं विचारलंय.

दोन्ही नको, निदान या वर्षी तरी. मी सव्वीस वर्षं पेठेतल्या एका बालवाडीत काढली, आता नातीबरोबर तेच घरी चालू आहे. त्या जोरावर थोडं लांबण लावते.

आधी त्या चांदण्यांचं. पडद्यावर दोन चित्रं, त्यातलं एक दाबायचं. काही न कळता नुसतं बोट लावत गेलं तरी दहात सरासरी पाच बरोबर येणारच. सात किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यताही सुमारे १७ टक्के निघते, म्हणजे सहा मुलांत एखादं निव्वळ नशिबावर सात चांदण्या घेऊन उठतं. तेव्हा सहा-सातवरून तिला येतंय असंही म्हणता येत नाही आणि येत नाही असंही. माझ्या वर्गात एक मुलगा कायम उजवीकडचं चित्र दाबायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, ‘इकडचा हात जवळ आहे.’

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण ‘मोठा अंक कुठला?’ असं सहज विचारतो, पण साडेचार वर्षांच्या मुलाच्या जगात ‘मोठा’ हा शब्द संख्येसाठी आलेलाच नसतो. मोठा म्हणजे वयाने मोठा दादा. मोठा म्हणजे आकाराने मोठा लाडू. मोठ्या शिशूत पोरं कमी असली तरी तो वर्ग मोठाच. आणि वर हे की शर्यतीत पहिला नंबर आला की टाळ्या, तिसरा आला की ‘असू दे हं’. मग एक मोठा की तीन? एका मुलीने मला ठामपणे एक सांगितलं होतं आणि तिच्या बाजूने बघितलं तर ती चुकली नव्हती. तुमची लेक तीन पुऱ्यांना जास्त म्हणाली, तेव्हा तिच्या पुऱ्या जास्त फुगलेल्या होत्या का, हे एकदा आठवून बघा.

म्हणून काही आठवडे ‘मोठी संख्या’ हा शब्दच बाजूला ठेवा. फक्त ‘जास्त’ आणि ‘कमी’, तेही हातात धरता येणाऱ्या वस्तूंचं.

आमच्याकडे हे मटारच्या दिवसांत आपोआप होतं. मंडईतून दोन किलो शेंगा आल्या की मी आणि नात वर्तमानपत्र पसरून बसतो. एक शेंग तिने फोडायची, एक मी. फोडायच्या आधी अंदाज: कोणाच्या शेंगेत जास्त दाणे? मग उघडायची. ज्याचे दाणे जास्त त्याने दोन्ही शेंगांतले खायचे. एका जानेवारीत माझ्या शेंगेत चार टपोरे दाणे निघाले आणि तिच्या शेंगेत सात, पण बारके, टोकाचे दोन तर मोहरीएवढे. तिने दोन्हीकडे बघितलं आणि तोंड पाडलं. ‘तुझे जास्त.’ मी काही बोलले नाही, माझा एक दाणा कागदावर ठेवला. ‘याच्यासमोर तुझा एक ठेव.’ असे चार जोड्या लागल्या आणि तिचे तीन दाणे उरले. ती त्या तीन दाण्यांकडे बघत बसली, मग म्हणाली, ‘याला जोडीच नाही.’ आणि अकराच्या अकरा तोंडात.

सगळी गोम त्या उरलेल्या तीन दाण्यांत आहे. जोडीला जोडी लावली की जास्त-कमी डोळ्यांना दिसतं, मोजता आलं नाही तरी. शिवाय ‘कितीने जास्त’ याचं उत्तरही फुकटात मिळतं, जे पुढे वजाबाकीत कामाला येतं. शेंगांमध्ये मजा अशी की संख्या आपण ठरवत नाही आणि आकार मधे लुडबुड करतो. टॅबवरच्या बऱ्याच खेळांत जास्त ठिपके असले की जागाही जास्त व्यापतात. मूल जागा बघून उत्तर देतं, संख्या बघायची त्याला गरजच पडत नाही.

मटारचा मोसम नसेल तर चिंचोके, शेंगदाणे, तुळशीबागेतली भातुकलीची भांडी, काहीही चालेल. फक्त लहान-मोठ्या आकाराच्या वस्तू मुद्दाम मिसळा. आणि कधीतरी एक वाटी रिकामी ठेवा. शून्याशी तुलना मुलांना विनोदी वाटते, हसतात आणि शिकतात.

आता एक सवय, उत्तरावर ‘नक्की?’ विचारायची, जी मला मोडायला फार वर्षं लागली. ती का वाईट, ते एका प्रयोगावरून सांगते. चिंचोक्यांच्या समोरासमोर दोन सारख्या रांगा लावायच्या, मग एक रांग लांब पसरायची आणि विचारायचं, आता कशात जास्त? चार-पाच वर्षांची बरीचशी मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेचा, प्रसिद्ध आहे. पण १९७०च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यात एक खोडकर अस्वल आणलं. रांग बाईंनी नाही, खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली. तेवढ्या बदलाने बरोबर उत्तर देणारी मुलं पुष्कळ वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, आधीचं उत्तर बदलायला हवं. आपलं ‘नक्की?’ नेमकं हेच करतं. ‘नक्की का गं?’ म्हटलं की बरोबर उत्तर दिलेलं पोरही पलटी खातं. त्याऐवजी ‘तुला कसं कळलं?’ विचारा, आणि उत्तर बरोबर असतानाही विचारा. नाहीतर तो प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण होऊन बसतो.

वस्तूंवर हात बसला की अंकांकडे या, दहापर्यंतच. त्यापुढे मराठी-इंग्रजीची ओढाताण सुरू होते. ‘बावीस’मध्ये दोन आधी ऐकू येतात, ‘ट्वेंटी-टू’मध्ये वीस आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस दोन’वरून केवढं रामायण झालं ते आठवत असेल. दहाच्या आत तो त्रास नाही. दुसरा एक आहे: मराठी कॅलेंडरवरचा एक आणि शाळेतला इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलाने एकाला ‘नऊ’ म्हटलं तर ती तुलनेची चूक नाही, वाचण्याची आहे.

जोड्या निवडताना सुरुवातीला लांबचे अंक घ्या, २ आणि ९, १ आणि ६. मग ४ आणि ७. ७ आणि ८ सगळ्यात शेवटी. जवळच्या संख्यांची तुलना मोठ्या माणसांनाही लांबच्या संख्यांपेक्षा जास्त वेळ घेते, मोयर आणि लँडॉअर या संशोधकांनी १९६७ मध्येच हे मोजून दाखवलंय. ७-८ वर अडली म्हणून घाबरू नका.

माझा लाडका खेळ खडूच्या पट्टीचा. गॅलरीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरळ रेषेत दहा घरं आखायची, डावीकडून उजवीकडे १ ते १०. कागदाच्या दोन चिठ्ठ्या, १ आणि २. जी निघेल तितकी घरं उडी मारायची, पण उडी मारताना घरातला अंक म्हणायचा. पाचवर उभी असेल आणि दोनची चिठ्ठी आली तर ‘एक, दोन’ नाही, ‘सहा, सात’. या शेवटच्या अटीवर अडून राहा. सीगलर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना साधारण असाच पट त्यावर सोंगटी सरकवत खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकी, एवढ्यावर मुलांची संख्यांची तुलना सुधारली. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांची सुधारली नाही. सापशिडी इथे चालत नाही. ती दर ओळीला उलटी वळते आणि आठ चांगलं की वाईट हे साप ठरवतो.

पावसात घरात अडकलात तर पत्ते. राजा-राणी-गुलाम काढून टाका, बाकीची पानं वाटा, दोघींनी एकेक उलटायचं, जास्तवालीने दोन्ही घ्यायची. पानावर अंकही असतो आणि मोजायला बदामही. एक्का म्हणजे एक, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर घरातले मेंढीकोटवाले आजोबा भांडायला येतात.

राहिलं ते वर्कशीटवरचं चिन्ह. इथे मी स्वतः चुकलेली आहे. वर्षानुवर्षं ‘मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते’ असं शिकवलं. एका पोराने मगरीचं तोंड दरवेळी लहान संख्येकडे काढलं. विचारलं तर म्हणे, ‘मगर छोटे मासेच खाते.’ बाकीचे मगरीच्या चित्राला दात काढण्यात रंगलेले.

मगरीपेक्षाही आपली भाषा जास्त आडवी येते. ५ > ३ हे डावीकडून वाचायचं तर ‘पाच हे तीनपेक्षा मोठे’. घरात असं कोण बोलतं? आपण म्हणतो ‘तीनपेक्षा पाच जास्त’, ‘दादापेक्षा ताई उंच’. ज्याला ‘पेक्षा’ लागतं ते बोलताना आधी येतं, चिन्हाच्या वाचनात नंतर. मूल डावीकडून सुरू करतं, मनात म्हणतं ‘पाचपेक्षा तीन लहान’, जे अगदी बरोबर आहे, आणि ‘लहान’चं चिन्ह काढतं. झालं ५ < ३. बाई लाल फुली मारतात आणि मुलाला कळत नाही आपलं काय चुकलं. तुमच्या लेकीचं ‘उलटंसुलटं’ यातलंच आहे का, हे तिला एकदा मोठ्याने म्हणायला लावून तपासा.

यावर मला पटलेला उपाय ठोकळ्यांचा. टेबलावर पाचाचा मनोरा डावीकडे, तीनाचा उजवीकडे. दोन्हींच्या माथ्यांना टेकेल अशी एक आइस्क्रीमची काडी, तळाशी दुसरी. काड्या पाचाकडे फाकलेल्या, तीनाकडे मिटत आलेल्या. वेगळं पाठ करायला काही उरत नाही. मनोरे सारखे केले की काड्या समांतर, आणि ‘बरोबर’चं चिन्हही तयार.

पण हे मोठ्या शिशूत, किंवा पहिलीत. ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात १६३१ साली पहिल्यांदा छापली गेली ती बीजगणितासाठी, छोट्या शिशूच्या वर्कशीटसाठी नव्हे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या, मुलांकडून दहापर्यंतचे अंक ओळखणं आणि वस्तू-संख्या क्रमाने लावणं अपेक्षित आहे. बाईंना हे गोडीत सांगून बघा. नाही ऐकलं तर वर्कशीट घरी येऊ दे, तुम्ही काड्या काढा.

अबॅकसबद्दल थोडक्यात: ज्याला सात म्हणजे किती हे डोळ्यांसमोर येत नाही, त्याला मणी भरभर सरकवायला शिकवून काही मिळत नाही. जाहिरातीचा कागद गाडीच्या वायपरखालून काढा आणि त्याच्या मागे अंकांची पट्टी आखा.

टॅब काढून घेऊ नका, रुसेल. वीसाची दहा मिनिटं करा आणि शेजारी बसा. आज रात्री फक्त एक काम: कागदावर ‘डावं’ आणि ‘उजवं’ असे दोन रकाने करा आणि ती दर वेळी कुठलं चित्र दाबते त्याची रेघ ओढा. वीस प्रश्न झाले की दोन्ही आकडे मला इथे सांगा, मग पुढचं बोलू.