कोकेन सोडल्यावर आरटीएमएसचा उपयोग होतो का?

तुमचा चुलतभाऊ चार वर्षं कोकेन घेत होता, दोन महिन्यांपासून बंद आहे आणि डॉक्टरांनी आरटीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदू चेतवण्याचा उपचार, सुचवलाय. मेंदूच्या वाटाच बिघडल्या असतील तर हे चुंबकाचे झटके काय कामाचे, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदूरला एका मनोविकार दवाखान्यात हेच यंत्र चालवते. आधी घरात 'झटके' म्हणणं बंद करा, काकू उगाच घाबरतील. भूल देत नाहीत. पेशंट खुर्चीत जागा बसतो, डोक्याला कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टेकवतात, टकटक आवाज येतो.

शंका मात्र अगदी रास्त आहे. वापरून झालेलं डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाचा संदेश नेणारं रसायन, पेशी परत आत ओढून घेतात, कोकेन ती वाटच अडवतं. डोपामिन बाहेर साचून राहतं, तीच धुंदी. वर्षानुवर्षं हे चाललं की पेशींवरची, डोपामिनचा संदेश पकडणारी डी-2 नावाची ग्राहकं कमी होतात. मेंदू-संशोधक नोरा वोल्को यांनी 1993 मध्ये दाखवलं की ही ग्राहकं जितकी कमी, तितका कपाळामागचा, 'नको' म्हणणारा भागही मंद. व्यसन सुटून तीन-चार महिने झाले तरी तो मंदच होता. म्हणून दोन महिन्यांत भाऊ चिडचिडा, सुस्त दिसला तर त्याला आळशी म्हणू नका, हात जोडून सांगते.

आता कॉइलचं. ती फक्त वरच्या थराला ठोका देते. तलफ उठते ती खोलवर, तिथपर्यंत ठोका न्यायचा तो मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंनी. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी लांब जलूदच्या पंपांवरून येतं ना, तसंच. मधली लाइन गळकी असेल तर पंप कितीही जोरात चालवा, नळाला धार बारीकच. कोकेनच्या रुग्णांवर 2018 मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात हेच दिसलं: तंतू जितके धड, तितका खोल भागाचा प्रतिसाद चांगला. म्हणजे उपयोग होऊ शकतो, पण सगळ्यांना सारखा नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, या प्रकारची यंत्रं नैराश्यासाठी 2008 मध्ये आणि सिगारेट सोडवायला 2020 मध्ये मान्य केली. कोकेनसाठी अशी मान्यता नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. समुपदेशन सोडून नुसत्या सिटिंगवर विसंबू नका.

पहिल्या दिवशी अंगठा हलेपर्यंत ताकद वाढवत नेऊन आम्ही मात्रा ठरवतो. कोकेन घेतलेल्यांत ती जास्त लागल्याचं अभ्यासांत आढळलंय. पण मला खरी काळजी वेगळीच. कोकेनमुळे फिट येण्याचा धोका वाढतो, आणि आरटीएमएसमध्येही तो थोडा असतोच. मधे एकदाही घेतलं असेल, तर खुर्चीत बसण्याआधी भावाने सांगायलाच हवं. आम्ही रागावत नाही, सिटिंग पुढे ढकलतो. पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप असेल, तेही सांगा. घरच्यांसमोर बोलायला त्याला जड जात असेल तर तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा.