जुन्या काळचे राक्षसी माशांचे विक्रम खरे मानावेत का?

सरसकट नाही आणि सरसकट खोटेही नाहीत. वजन कोणी, कशावर आणि कोणासमोर केलं, हे आधी बघा.

आर्थर लॉटन यांनी १९५७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स नदीत पकडलेला मस्कलंज, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा घ्या. नोंद ६९ पौंड १५ औंसांची. कित्येक वर्षं तो विश्वविक्रम म्हणून मिरवला. मग फोटो तपासले गेले, मासा नोंदीपेक्षा बराच लहान निघाला आणि १९९२ मध्ये विक्रम रद्द झाला. हातात धरलेला मासा कॅमेऱ्यापुढे केला की तो हमखास मोठा दिसतो.

याउलट जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत सापडलेलं पाकट. संशोधकांनी ते तिथेच मोजलं: जवळपास चार मीटर लांब, ३०० किलो. मग टॅग लावून जिवंत सोडलं. अशी नोंद मी डोळे झाकून मानतो.

आपल्याकडे १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत १२० पौंडांचा महसीर, म्हणजे नदीतला मोठा खवल्यांचा मासा, पकडल्याची नोंद आहे. आज तेवढा मासा दिसत नाही, म्हणून ती थाप ठरत नाही. धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि वाळूउपसा यांनी कावेरी खोऱ्यातला हा महसीर आता नामशेष व्हायच्या बेताला आणलाय.