चिंपांझी आपला पूर्वज नाही, मग आपला कोण?

तुमचा प्रश्न असा की माणूस माकडापासून झाला असेल तर माकडं अजून कशी काय आहेत, त्यांचा माणूस का होत नाही, ९८ टक्के डीएनए सेम म्हणजे नेमकं काय आणि माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा सापडला की नाही. प्रश्न चांगले आहेत. मी बरीच वर्षं मुलांना हा विषय शिकवलाय आणि हेच प्रश्न सगळ्यात प्रामाणिक मुलं विचारायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं आधी उरकतो. आज दिसणाऱ्या कुठल्याच माकडापासून माणूस झालेला नाही. तुम्ही तुमच्या चुलतभावापासून जन्मला नाहीत, दोघांचे आजोबा एक, इतकंच. आपले आणि चिंपांझीचे सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होते आणि ते ना चिंपांझी होते ना माणूस. तिथून एक फांदी इकडे आली, एक तिकडे गेली, आणि तिकडची फांदीसुद्धा तेवढीच वर्षं बदलत आलीये, ती काही आपल्यामागून येणारी पायरी नाहीये की आज ना उद्या इथे पोचेल.

थोडा घोळ शब्दांचाही आहे. आपण माकड, वानर सगळं एकातच धरतो, आणि शेपूट नसलेली जी मंडळी आहेत, म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि चिंपांझीसारखाच दिसणारा बोनोबो, त्यांना रोजच्या बोलण्यात वेगळा शब्दच नाही. पुस्तकात कपी लिहितात पण बोलताना कोणी म्हणत नाही, म्हणून मी एप म्हणतो. एप आणि आशिया-आफ्रिकेतली शेपटीवाली माकडं वेगळी झाली अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. मग गिबन वेगळे झाले, मग ओरांगउटान, मग साधारण ८० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वी गोरिला, आणि शेवटी आपण आणि चिंपांझी. आता हा क्रम परत एकदा वाचा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. दिसायला गोरिला आणि चिंपांझी एका घरातले वाटतात, दोघं काळे, केसाळ, बोटांच्या पेरांवर टेकून चालणारे, आणि माणूस आपला बाजूला. पण चिंपांझीला सगळ्यात जवळचा बोनोबो, त्याच्यानंतर आपण, आणि गोरिला आपल्याही नंतर! मला स्वतःला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हतं.

आता टक्केवारी. चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची अक्षरं क्रमाने वाचलेली, २००५ साली प्रसिद्ध झाला. दोघांचा जो भाग समोरासमोर ठेवून जुळवता येतो त्यात एकेक अक्षर तपासलं तर साधारण १.२ टक्के अक्षरं वेगळी, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिकाणं. तुम्ही ऐकता तो ९८-९९ चा आकडा हाच. पण काही तुकडे एकाकडे आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीतच, तेही मोजले तर फरक वाढतो, आणि २०२५ मध्ये एप्सचे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण जीनोम आले त्यात पुन्हापुन्हा येणारे जे भाग आधी वाचताच येत नव्हते ते धरले तर आणखी वाढतो. म्हणजे टक्के किती हे तुम्ही काय मोजता त्यावर आहे. कोणी तुम्हाला "बघा आकडा बदलला, सगळं खोटं निघालं" म्हणालं तर त्याला विचारा की क्रम बदलला का? नाही बदलला. कुठल्याही पद्धतीने मोजा, चिंपांझी-बोनोबोच आपल्याला सगळ्यात जवळचे येतात. फक्त एक खाचखळगा आहे, तोही सांगतो, कारण नंतर कुठेतरी वाचाल आणि गोंधळाल. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम आला तेव्हा दिसलं की साधारण ३० टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला, ते दोघं एकमेकांना आहेत त्यापेक्षा जास्त जवळचा आहे. तिन्ही फाटे थोड्याच अवधीत फुटले, त्यामुळे जुन्या पूर्वजांकडचे काही जीन (जनुकं) वेगवेगळ्या घरात वेगवेगळे वाटले गेले. एखाद्याचं नाक सख्ख्या भावासारखं नसून चुलतभावासारखं असतं ना, तसं, त्यावरून सख्खं नातं बदलत नाही.

पण खरं सांगू का, साम्य किती यापेक्षा मला चुका जास्त पटतात. जुन्या पोथ्या हाताने उतरवून घ्यायचे तेव्हा कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली हे अभ्यासक कसं ओळखतात? दोन्हीत सारख्याच जागी सारखीच चूक दिसली की. बहुतेक सस्तन प्राणी सी जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात, आपल्याला ते खावं लागतं, कारण ते बनवण्यातल्या शेवटच्या टप्प्याचा जीन आपल्यात मोडलेला आहे. आणि तो जीन चिंपांझीतही मोडलाय, गोरिलातही, शेपटीवाल्या माकडांतही, आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. माकडांचा दूरचा नातेवाईक असलेल्या लीमरमध्ये मात्र तो चालू आहे. गिनिपिगमध्येही मोडलाय पण तो वेगळ्या जागी, वेगळ्या तऱ्हेने. ती त्याची स्वतःची चूक, आपली ही वारसाने आलेली.

गुणसूत्रांचंही तसंच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान सगळ्यांची ४८, आपली ४६. मग दोन गेली कुठे? गेली नाहीत, आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्राच्या पोटात आहेत. गुणसूत्राच्या टोकाला असणारी ठराविक अक्षरं या गुणसूत्राच्या आत मध्येच सापडतात, दोन टोकं एकमेकांना चिकटल्यासारखी.

आणि शेपूट! "वापर राहिला नाही म्हणून शेपूट झिजत झिजत गेली" हे आपण लहानपणापासून ऐकतो, ते तसं होत नाही. २०२४ च्या एका संशोधनात दिसलं की सगळ्या एप्समध्ये टीबीएक्सटी नावाच्या जीनमध्ये डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन घुसलाय, माकडांत तो नाही, आणि उंदरांमध्ये तसाच बदल केला तर काही उंदीर आखूड शेपटीचे आणि काही बिनशेपटीचे झाले. आपल्याकडे शिल्लक राहिलं ते माकडहाड, आणि मराठीत ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार.

आता मधला दुवा. यात एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण त्यात नाव आपलं आहे. १९३२ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमध्ये जी. एडवर्ड लुईस यांना जबड्याचा एक तुकडा मिळाला, त्याला त्यांनी रामापिथेकस नाव दिलं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हाच माणसाचा पूर्वज म्हणून मांडला, म्हणजे आपली वाट दीड कोटी वर्षांच्या आसपासच वेगळी झाली असं. तेवढ्यात १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रोटीनच्या फरकावरून हिशोब केला आणि उत्तर आलं जेमतेम ५० लाख वर्षं! हाडंवाल्यांनी ते बरीच वर्षं मानलं नाही. मग पाकिस्तानात पोटवारच्या पठारावर शिवापिथेकस नावाच्या जुन्या एपच्या चेहऱ्याचा चांगला जीवाश्म मिळाला आणि तो दिसायला थेट ओरांगउटानसारखा निघाला, म्हणजे आपल्या नाही, ओरांगउटानच्या फांदीवरचा, रामापिथेकस त्याच शिवापिथेकसमध्ये जमा झाला आणि पिलबीम यांनी स्वतःच आपलं मत बदललं. विज्ञानावर माझा विश्वास आहे तो अशा माणसांमुळे.

आपल्या बाजूचे दुवे आज भरपूर आहेत. इथिओपियात सापडलेले दोन सांगाडे, ४४ लाख वर्षांची आर्डी आणि ३२ लाख वर्षांची ल्यूसी (१९७४ मध्ये सापडली), टांझानियात लाएतोलीला राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं, अगदी आपल्यासारखी दोन पायांवर चालत गेलेली. रिकामी आहे ती चिंपांझीची बाजू. दमट जंगलातल्या आम्लयुक्त मातीत हाडं टिकत नाहीत, आणि चिंपांझीचे म्हणून ओळखले गेलेले पहिले जीवाश्म २००५ मध्ये केनियातून जाहीर झाले, साधारण ५ लाख वर्षांपूर्वीचे, आणि तेही मोजके दात. त्यामुळे दुवा कुठाय असं पुढच्या वेळी कोणी विचारलं तर त्याला आधी विचारा, कोणाकडचा?